कोणता बिबट्या?

रात्री साडेअकराला ग्रुपवर फोटो पडतो. अंधार, उसाची कड आणि मोटारसायकलच्या उजेडात चमकणारे दोन डोळे. खाली तीन शब्द, 'वाघ दिसला सावधान'. कुठे दिसला, कधी दिसला, काही नाही. पाच मिनिटांत तो नारायणगावातून मंचरला जातो, मंचरहून घोडेगावला, आणि सकाळी चहाच्या वेळेला पुन्हा नारायणगावात येतो तेव्हा त्याच्यावर तिसऱ्याच गावाचं नाव चढलेलं असतं. जुन्नर किंवा आंबेगाव तालुक्यातल्या कुणाही पोराला विचारा, त्याच्या गॅलरीत असे पाच-दहा फोटो सापडतील. त्यातला एकही त्याने स्वतः काढलेला नसेल.

त्या मेसेजमधला 'वाघ' हा शब्दही बघण्यासारखा आहे. पट्टेरी वाघ इथे नाही. बोलणाऱ्यालाही ते माहीत असतं, पट्टेवाल्याला आपल्याकडे 'ढाण्या' असा वेगळा शब्द आहे आणि ठिपकेवाल्याला 'बिबळ्या'. पण घाईत तोंडी येतो तो वाघच. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या महादेव कोळी वस्त्यांमध्ये वाघोबाचे दगड आहेत. शेंदूर लावलेले, काहींवर प्राणी कोरलेला, सोबत चंद्र-सूर्य. दिवाळीच्या तोंडावर, वसुबारसेच्या दिवशी, तिथे वाघबारस करतात. गुराख्यांनी गुरांच्या वतीने केलेला तो करार आहे : तू तुझ्या वाटेने जा, आम्ही आमच्या. त्या दगडावरचा प्राणी पट्टेरी की ठिपक्यांचा, हे विचारण्यात अर्थ नाही. तो सगळ्यांच्या वतीने एकच असतो. या मुलखातलं बिबट्याचं सर्वांत जुनं चित्र बहुधा तेच. ते चित्र कुणा एका बिबट्याचं नाही.

कुणा एका बिबट्याचं चित्र मिळायला इथे फार वर्षं लागली. ते नसल्याची किंमतही मोजावी लागली. हा लेख त्याबद्दल आहे.

सुरुवात एका मोजदादीपासून करू. १८२४ साली मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची माहिती गोळा करायला नेमलं. पेशवाई बुडून सहा वर्षं झाली होती. नव्या सरकारला आपल्या हाती नेमकं काय लागलंय ते हवं होतं. माणसं किती, जमीन किती, पिकं कोणती. साइक्सने ते केलंच, पण त्याच्या जोडीला पक्षी, प्राणी, मासे, सगळ्यांच्या याद्या केल्या. १८३१ मध्ये त्याची दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीसमोर आली, पुढच्या वर्षी पक्ष्यांची. आपल्या लांडग्याला 'पॅलिपस' हे शास्त्रीय नाव त्याचं. भीमाशंकरच्या झाडांवरून उड्या मारणारा शेकरू, जो आज महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे, त्याच्या शास्त्रीय नावात 'एल्फिन्स्टनी' आहे तेही साइक्समुळे. साहेबाच्या नावाने खार! आपल्याकडच्या झाडावरचा प्राणी, आणि त्याच्या शेपटीला गव्हर्नरचं नाव.

तेव्हा नोंद करायची म्हणजे आधी मारायचं. बंदूक, मग कातडं, मग पेंढा, मग बोट. माणसाच्या हाती प्राणी मेल्यावरच स्थिर येत असे आणि चित्रही त्या स्थिर प्राण्याचंच निघे. त्यातून गोंधळही व्हायचे. पँथर वेगळा आणि लेपर्ड वेगळा, असे दोन प्राणी आहेत की एकच, यावर युरोपातले जाणकार एकोणिसाव्या शतकात बराच काळ वाद घालत होते. एक कातडं मोठं, एक लहान, एकाचा रंग गडद, एकाचा फिका. प्रत्येक जनावर आपलं कातडं वेगळं घेऊन जन्मतं, ही गोष्ट लक्षात यायच्या ऐवजी दोन जाती तयार होत होत्या.

साइक्सची आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १८२८ च्या उन्हाळ्यात तो नाणेघाटात पोचला. तिथल्या गुहेच्या भिंतींवर ओळीच्या ओळी अक्षरं कोरलेली होती. आज आपण त्याला सातवाहन राणी नागनिकेचा लेख म्हणतो. पण तेव्हा ब्राह्मी लिपी कुणालाच वाचता येत नव्हती, जेम्स प्रिन्सेपने ती उलगडायला अजून दहाएक वर्षं होती. साइक्सने जुन्नरच्या लेण्यांतले लेख उतरवून घेतले ते नुसते आकार म्हणून, आणि १८३७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले. ज्याचा अर्थ कळत नाही ते जसंच्या तसं काढून ठेवायचं, पुढे कुणी वाचेल. बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांबाबत हे सुचायला माणसाला आणखी दीडशे वर्षं लागली.

कॅमेरा आला तेव्हाही जनावरं त्यात आली नाहीत. मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यातले नावाजलेले छायाचित्रकार. हौशी लोकांनी एकत्र यायचं, एकमेकांचे फोटो बघायचे, चुका काढायच्या, प्रदर्शन भरवायचं. आजच्या कुठल्याही तालुक्यातल्या फोटोग्राफी क्लबचा कार्यक्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही. पण त्यांच्या काचा ओल्या असताना वापराव्या लागत, जागेवरच धुवाव्या लागत, आणि एका फोटोला कित्येक सेकंद लागत. मग हलणार नाही तेच फोटोत येणार. म्हणून जुन्नरची लेणी फोटोत आली, लेण्यांच्या वर घिरट्या घालणारी गिधाडं आली नाहीत. बिबट्या फोटोत आला तो मेलेला, शिकाऱ्याच्या बुटाखाली.

जिवंत जनावराला त्याचा स्वतःचा फोटो काढायला लावायची युक्ती अमेरिकेत निघाली. जॉर्ज शिरास नावाच्या गृहस्थाने जंगलात तार ताणून ठेवली, जनावराचा पाय लागला की फ्लॅश उडायचा. १९०६ मध्ये नॅशनल जिओग्राफिकने त्याचे ७४ फोटो एका अंकात छापले. आपल्याकडे तेच उत्तरेतल्या जंगलात एफ. डब्ल्यू. चँपियन या वनाधिकाऱ्याने केलं, आणि १९२७ मध्ये वाघांच्या फोटोंचं पुस्तक काढलं. रात्रीचे फोटो बघता बघता त्याच्या लक्षात आलं, की पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला तोच वाघ दोनदा, जिवंत, फोटोत यावा लागला.

दरम्यान जुन्नर-आंबेगावात काय चाललं होतं? पाणी येत होतं. कुकडी प्रकल्पातून येडगाव, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे, डिंभे अशी धरणं उभी राहिली. डिंभ्याच्या पाण्यात आंबेगाव बुडालं. म्हणजे आज ज्या तालुक्याचं नाव आंबेगाव, ते मूळ गाव पाण्याखाली आहे आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. धरणाच्या खालच्या बाजूला मात्र जिथे बाजरी आणि मठ पिकायचे तिथे ऊस उभा राहिला, कारखाने आले. दहा-बारा महिने कुणी आत शिरत नाही असं, माणसापेक्षा उंच, थंड, ओलं रान. शेजारी वस्ती, वस्तीवर कुत्री, कोंबड्या, शेळ्या. बिबट्याला याहून काय हवं? पुढच्या पिढ्या उसातच जन्मल्या. 'जंगलातून वाट चुकून आलेला बिबट्या' ही कल्पना कागदावर तेवढी राहिली. त्यांच्या पायाने जंगल पाहिलेलंच नव्हतं.

मग हल्ले झाले. जनावरांवर होत होतेच, माणसांवर होऊ लागले. जास्त करून लहान मुलं, वाकून गवत कापणाऱ्या बायका, रात्री पाणी द्यायला गेलेले शेतकरी. शेतीची वीज रात्री येणार आणि पाणी रात्रीच धरावं लागणार, हे ज्याने ठरवलं त्याला बिबट्या माहीत नसावा. लोक संतापले, आणि संताप योग्य होता. फेब्रुवारी २००१ पासून जुन्नर वनविभागात पिंजऱ्यांची मोठी मोहीम सुरू झाली. पिंजऱ्यात शेळी, सकाळी बिबट्या, दुपारी गाडी, आणि सरासरी चाळीसेक किलोमीटर लांबच्या जंगलात मोकळा. वाचायला किती सोपं वाटतं.

विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर या काळातल्या नोंदी तपासल्या. १९९३ ते २००१ या काळात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते. मोहीम सुरू झाल्यावर पुढच्या दोन वर्षांत ते वर्षाला सरासरी १७ झाले. हल्ले कमी करायला काढलेल्या उपायानंतर ते चौपट!

कारण समजून घ्यायला बिबट्याच्या जागी क्षणभर उभं राहा. त्याला आपला इलाका पाठ असतो. कुठल्या बांधावरून गेलं की कुत्रं भुंकत नाही, कुठली वस्ती उशिरा झोपते, हे सगळं. त्याला उचलून अनोळखी रानात सोडलं की तो एकतर घराकडे निघतो, नाहीतर भुकेला, बावरलेला, माणसांच्या आसपास घुटमळतो. इकडे त्याची रिकामी जागा दुसरा, बहुतेक वेळा तरुण आणि अडाणी बिबट्या घेतो. पिंजऱ्यात सापडला तो हल्ला करणाराच होता, याची खात्री कुणालाच नव्हती. पिंजरा माणसं मारणाऱ्याला आणि उंदीर मारणाऱ्याला सारखाच उघडा असतो. आपण गुन्हेगार समजून शेजाऱ्याला हद्दपार करत होतो, आणि त्याच्या घरात अनोळखी माणूस येऊन राहत होता.

पकडलेल्या बिबट्यांना मग मायक्रोचिप बसवायला सुरुवात झाली. तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, पण तिच्यामुळे पहिल्यांदा 'बिबट्या' या शब्दाच्या मागे नंबर आला. २००९ च्या एप्रिलअखेर पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एक नर विहिरीत पडला. वयस्कर दिसत होता म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. त्याच्या गळ्यात जीपीएस कॉलर बांधून त्याला माळशेज घाटात, म्हणजे जुन्नरच्या दारातच, सोडलं. तो घराकडे वळला नाही. कसाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ ओलांडले, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडला, कारखाने आणि वस्त्यांच्या मधून महिन्याच्या आत सव्वाशे किलोमीटर चालत संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलात पोचला. वाटेत कुणाला नखही लावलं नाही, कुणाला तो दिसलाही नाही. २०११ च्या डिसेंबरात महामार्गावर गाडीच्या धडकेने तो मेला, आणि चिपवरून ओळख पटली. त्याच्यावर मराठी सिनेमा निघाला, २०१४ मध्ये. उर्मिला मातोंडकरमुळे तो बऱ्याच जणांना आठवतो. मला त्यातली आठवते ती चिपच. ती नसती तर रस्त्यावर मेलेला तो 'एक बिबट्या' असता.

चिपसाठी जनावर पकडावं लागतं. फोटोसाठी नाही. हरिश्चंद्रगडाच्या पलीकडे, जुन्नरला लागूनच अकोले तालुका आहे. तिथे शेतांच्या मधोमध अत्रेय यांच्या गटाने कॅमेरा ट्रॅप लावले. हा कॅमेरा समोरून उबदार काही हललं की आपोआप फोटो काढतो. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन लावायचे, कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके आणि उजव्या कुशीवरचे वेगळे असतात. एकच बाजू मिळाली तर एका बिबट्याचे दोन मोजले जातील. मग रात्र-रात्रभरचे फोटो पडद्यावर शेजारी ठेवायचे आणि ठिपके जुळवत बसायचं. खांद्यावरचं हे फूल, मांडीवरचा हा तुटका गोल. साइक्सने अक्षरं उतरवली तसंच, फक्त इथे वाचता येतं. पुन्हा पुन्हा तेच चेहरे दिसू लागले की आकडा पक्का होत जातो, सतत नवे दिसत राहिले तर अजून बरेच बाकी आहेत.

निकाल २०१३ मध्ये आला. दर १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ प्रौढ बिबटे, आणि तितकेच तरस. हे अभयारण्य नव्हतं. चौरस किलोमीटरला ३०० हून जास्त माणसं राहतात तिथली ही गोष्ट. विष्ठा तपासली तर खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, त्यात एकटी कुत्रीच ३९ टक्के. म्हणजे ते पाहुणे नव्हते. खातेदार होते.

आता आपल्या फोटोग्राफी क्लबांकडे येतो. या दोन तालुक्यांत फोटो काढणाऱ्या हौशी लोकांची कमतरता नाही. फिल्मच्या दिवसांत एका रोलमध्ये ३६ फोटो, धुवायला पुण्याला पाठवायचे, आणि पंधरा दिवसांनी कळायचं की शेकरूच्या जागी फक्त फांदी आलीय. डिजिटल आला, मग लांब पल्ल्याच्या लेन्स आल्या, मग मोबाइल. बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह, शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन, कारवीच्या फुलोऱ्याला सहल. पावसाळ्यात भीमाशंकरच्या रानात कुजक्या लाकडावरची बुरशी हिरवी चमकते, ती बघायला रात्री झुंबड. फोटोत ती जशी झगझगते तशी डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्याने अर्धा मिनिट डोळा उघडा ठेवलेला असतो. हे न सांगता फोटो टाकला की पुढच्या शनिवारी शंभर जण टॉर्च घेऊन येतात आणि टॉर्चच्या उजेडात बुरशी दिसत नाही म्हणून हिरमुसतात. बुरशी मात्र तुडवली जाते.

क्लबात बक्षीस मिळतं ते सुंदर फोटोला. मागचा पट धूसर, डोळा धारदार, जनावर एकटं. ज्या फोटोत बिबट्याच्या मागे ठिबकची नळी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात कुणाची तरी वाळत घातलेली साडी आहे, तो बाद. माझं मत उलटं आहे. इथला खरा फोटो तो दुसरा. आणि कामाचा फोटो त्याहून कुरूप असतो : काळपट, वाकडा, डोकं कापलेलं, पण डावी कूस पूर्ण, तारीख-वेळ खाली छापलेली, आणि जागा माहीत असलेली. ही जागा वनखात्याला सांगायची असते, ग्रुपवर टाकायची नसते. आपल्याकडे नेमकं उलट होतं.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात हे किती महाग पडतं ते दिसलं. शिरूर तालुक्यातलं पिंपरखेड, जुन्नर वनविभागातच येतं. तीनेक आठवड्यांत तिथल्या परिसरात तिघं गेली, दोन लहान मुलं आणि एक आजी. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला, वनखात्याची गाडी जळाली. त्या दिवसांत देशभर फिरलेला फोटो बिबट्याचा नव्हता. शेतात काम करणाऱ्या बायकांनी गळ्यात खिळ्यांचे लोखंडी पट्टे घातले होते, पूर्वी मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात घालत तसे. ज्याने तो काढला त्याला कुठल्या क्लबाचं बक्षीस मिळालं का, माहीत नाही. या भागाचा त्या वर्षाचा निसर्गफोटो तोच.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात कॅमेरा ट्रॅप, पायाचे ठसे आणि उष्णता टिपणारे ड्रोन यांच्या मदतीने एका बिबट्याचा माग काढला गेला आणि त्याला गोळी घालण्यात आली. इथे फोटोचा प्रवास एक फेरी पूर्ण करतो. साइक्सच्या काळी बंदुकीनंतर चित्र यायचं, आता चित्रानंतर बंदूक. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराला कुणी ठिपके जुळवायचे धडे देऊ नयेत. पण गोळी घालायचीच असेल तर ती त्याच जनावराला लागावी, नाहीतर २००१ ची गोष्ट पुन्हा सुरू होते, आणि पुढचं लेकरू कुणाचं तरी असतंच. त्याच महिन्यात पुण्यात बिबट्या दिसल्याच्या बातम्या आल्या आणि लगोलग एआयने बनवलेले बिबटे ग्रुपांवर हिंडू लागले. खोटे फोटो पसरवणाऱ्यांना वनखात्याला इशारा द्यावा लागला. बनावट बिबट्याच्या अंगावरचे ठिपके कुठल्याच फाइलमधल्या ठिपक्यांशी जुळणार नाहीत, पण त्याच्यामागे धावलेली वनरक्षकांची गाडी खरी असते. तेवढ्या वेळात खऱ्या बिबट्याच्या वाटेवर ती नसते.

दर हिवाळ्यात ऊसतोड सुरू झाली की फडात पिल्लं सापडतात. कोयता थांबतो, पाच मिनिटांत मोबाइल निघतात, पिल्लू हातात घेऊन सेल्फी. गर्दी हटेपर्यंत आई जवळ येऊ शकत नाही, एवढंच त्या सेल्फीचं नुकसान, पण ते मोठं आहे. पिल्लं गेलेली मादी रात्रभर शेतांमधून फिरते, आणि त्या शेतात ऊसतोड कामगारांच्या कोप्या असतात, कोप्यांत त्यांची पोरं. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रातले डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, चिप बसवतात. संध्याकाळी टोमॅटोच्या क्रेटमध्ये पिल्लं ठेवून ती सापडली त्याच जागी क्रेट ठेवतात. सगळ्यांना लांब पाठवतात. समोर एक कॅमेरा ट्रॅप.

सकाळी कार्डावर जे येतं ते कुठल्या प्रदर्शनात लागायचं नाही. काळा-पांढरा पडदा, तोडलेल्या उसाची खोडकी, कोपऱ्यात वेळ. आधीच्या फोटोत क्रेट सरळ. पुढच्यात आडवा, आणि चौकटीच्या काठाला शेपटीचं टोक.